कास गेली, बकरी राहिली

दगडी म्हणजे कासेची सूज, हे आमच्याकडे बकऱ्या पाळणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. कास टणक होते, दुधात गुठळ्या येतात, डॉक्टर सुया देतात आणि बहुतेक वेळा निभावतं. पण याच दगडीचं एक रूप असं आहे की त्यात कासेचं मांस बकरीच्या अंगावरच मरतं. डॉक्टर त्याला कासेचा गँगरीन म्हणतात. गावात ‘कास सडली’ एवढंच म्हणतात आणि त्यापुढचं वाक्य ठरलेलं असतं, “खाटकाले द्या.”

आमच्या तांबीला हे झालं तेव्हा ती दुसऱ्या वेताची होती, पायाशी दोन पिल्लं होती. आमचं गाव अकोट आणि दर्यापूरच्या मधल्या पट्ट्यात. बाजारहाट अकोला जिल्ह्यात, निम्मे सोयरे अमरावती जिल्ह्यात. जमीन काळी, विहिरींचं पाणी खारं, आणि श्रावणात कोठ्याच्या दारापर्यंत चिखल. खाली लिहिलं आहे ते तांबीच्या आणि त्यानंतर शेजारपाजारच्या कोठ्यांत पाहिलेल्या बकऱ्यांच्या अनुभवावरून. मी डॉक्टर नाही, त्यामुळे सुयांची नावं आणि मापं इथे शोधू नका.

१. गरम कासेपेक्षा थंड कासेला घाबरा

साध्या दगडीत कास लाल होते, तापते, दुखते. त्यामुळे हाताला गरम लागली की आपण काळजीत पडतो. तांबीची डावी बाजू सकाळी गरमच होती. दुपारी हाताची मागची बाजू लावून पाहिली, तर सडाकडचा भाग गार. पावसानं ओली असेल म्हणून फडक्यानं कोरडी पुसली, तरी गारच. चार बोटांवरची उजवी बाजू मात्र ऊबदार. रंगही बदलत होता. गुलाबी कातडीवर जांभळट छटा आणि सडाच्या टोकाशी निळेपणा. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. धार काढली तर दूध नाहीच. वाटीत पातळ, लालसर पाणी आणि त्यात बारीक बुडबुडे. पिल्लू जवळ आलं की ती पाय झाडायची.

याच्या मागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरिअस नावाचा जंतू असतो. एरवीही तो माणसाच्या आणि जनावराच्या कातडीवर राहतोच. सडाच्या छिद्रातून आत शिरून वाढला की विष सोडतो. त्या विषानं रक्तवाहिन्या आकसतात, आतलं रक्त गोठतं आणि तेवढ्या भागाला रक्तच पोहोचत नाही. रक्त नाही म्हणून ऊब नाही. तेव्हा तापलेली कास गार झाली याचा अर्थ सूज उतरली असा घेऊ नका. ‘आता थंड वाटून राह्यली’ म्हणून निर्धास्त झोपलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि सकाळी त्यांच्या कोठ्यात काय झालं तेही.

अंगाच्या तापाचंही असंच. धडधाकट बकरीचं तापमान साधारण १०२ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असतं. या आजारात सुरुवातीला ते १०५-१०६ वर जातं. पण विष अंगात भिनलं की नेहमीपेक्षाही खाली उतरतं. तो उतार वाईट. कान थंड, डोळे खोल, मान खाली. कोठ्याच्या खुंटीला एक थर्मामीटर लटकवून ठेवा. मेडिकलमधला साधा डिजिटल चालतो. तो गुदद्वारात लावायचा असतो, त्यामुळे घरच्या माणसांचा वेगळा ठेवा, हे सांगायला नको.

आणखी एक खूण लोकांच्या हातून हमखास सुटते, ती लंगडण्याची. कास ठणकते म्हणून बकरी त्या बाजूचा मागचा पाय फेंगडा टाकते आणि घरचे खुरात काटा शोधत बसतात. व्यालेली बकरी लंगडली की आधी कास पाहा, मग खूर.

२. फोन करण्याआधी चार गोष्टी पाहून ठेवा

जनावरांच्या दवाखान्याचा १९६२ हा टोल-फ्री नंबर आता बहुतेक गावांत माहीत आहे. फोन तालुक्याच्या डॉक्टरांना करा किंवा १९६२ वर, पण ‘बकरी बिमार हाय, या’ एवढ्यावर पलीकडच्या माणसाला काहीच कळत नाही. अंगाचा ताप किती, व्याली कधी, रवंथ करते का, आणि कास कोणत्या रंगाची व धारेतून काय येतं, एवढं नीट सांगा. कासेचा फोटो उजेडात काढून पाठवा. ‘गार आणि निळी’ हे दोन शब्द ऐकले की कोणताही डॉक्टर ओळखतो की हे उद्यावर ढकलण्याचं काम नाही. इथे दिवसांचा हिशेब चालत नाही, तासांचा चालतो.

डॉक्टर येईपर्यंत मेडिकलमधून स्वतः सुई आणून टोचण्याचा मोह आवरा. अर्ध्या मापानं दिलेलं अँटिबायोटिक जंतूला मारत नाही, पक्कं करतं. आणि दुखणं थांबवायला माणसांचं डायक्लोफेनॅक जनावराला टोचू नका. गिधाडं त्यानं मरतात, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. तांबीला डॉक्टरांनी मेलॉक्झिकॅम दिलं होतं. दुखणं कमी झालं तरच बकरी खाते, त्यामुळे या औषधाला मी अँटिबायोटिकच्या खालोखाल मानते.

३. कासेचा नाद सोडा, बकरी धरा

सगळ्यात अवघड गोष्ट ही, आणि ती औषधाची नाही, मनाची आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “डावी बाजू गेली. ती परत येणार नाही. आता बकरी वाचवू.” मला वाटत होतं की सुया सुरू झाल्या म्हणजे निळा रंग परत गुलाबी होईल. तसं होत नाही, आणि का होत नाही हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. सुईतून दिलेलं औषध रक्तातून फिरतं. जिथे रक्तच पोहोचत नाही तिथे औषध कसं पोहोचेल? सुया मेलेल्या मांसासाठी नसतातच. त्या उरलेल्या बकरीसाठी असतात, विष आणि जंतू तिच्या अंगभर पसरू नयेत म्हणून.

म्हणून शेकणं, चोळणं, तेल लावून मालिश हे सगळं बंद. काळ्या पडलेल्या भागाला चोळून तिथे रक्त येत नाही. उलट कातडी फाटते.

दोन वाटा असतात. एक, भूल देऊन कासेची ती बाजू कापून काढणं. हे काम सामग्री असलेल्या ठिकाणीच व्हावं. आमच्या भागाला अकोल्याची पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था जवळ आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची ती संस्था. दुसरी वाट म्हणजे मेलेला भाग आपोआप गळून पडू देणं. विषानं खचलेली बकरी भूल सोसेल की नाही, हा प्रश्न डॉक्टरांनीच काढला आणि दुसरी वाट धरली. आतलं घाण पाणी वाहून जावं म्हणून त्यांनी तो सड मात्र कापून टाकला. ऐकायला क्रूर वाटतं. पण त्या सडाला संवेदनाच उरली नव्हती. तांबीनं मान वळवूनही पाहिलं नाही. त्याच संध्याकाळी ती उठून उभी राहिली.

शेजारच्या काकांचं म्हणणं होतं, “कास गेली तं बकरी काय कामाची? आताच दोन पैसे येतीन.” त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. पण सुया चालू असलेली, ताप भरलेली बकरी खाटकाला देणं म्हणजे ते औषध आणि तो आजार कुणाच्या तरी ताटात वाढणं. सासूबाईंनी वेगळाच हिशेब मांडला: “दूध नाई देणार तं नको देऊ. पाठी तं देईन ना?”

वऱ्हाडात बकरी दुधापेक्षा पिल्लांवर जोखली जाते. आमची बेरारी ही विदर्भाची नोंद झालेली जात. अर्धा-पाऊण लिटर दूध दिलं तरी खूप, पण इथल्या उन्हात आणि पालापाचोळ्यावर तगते. अकोला जिल्ह्यातल्या नरेश देशमुखांनी २०१८ मध्ये ‘गोट बँक ऑफ कारखेडा’ सुरू केली, तिचा व्यवहारही दुधावर नाही. बाराशे रुपये नोंदणी भरून बाईला गाभण बकरी मिळते आणि ४० महिन्यांत चार पिल्लं परत करायची. अशा हिशेबात एका सडाची बकरीसुद्धा बकरीच असते. फक्त तिच्याकडून जुळ्यांची अपेक्षा ठेवताना बाटली हाताशी ठेवावी लागते.

४. घास पोटात गेला पाहिजे, कसाही

डॉक्टर येतात, सुई देतात, जातात. उरलेले तेवीस तास बकरी तुमच्याकडे असते, आणि त्या तासांत खरं काम एकच, तिचं पोट चालू ठेवणं. बकरीचं पोट म्हणजे जिवंत जंतूंची भट्टी; ती विझली की औषधं निकामी. पोट चालू आहे का हे पाहायला डाव्या भकाळीत मूठ दाबून धरा. मिनिटात एखाद-दोन वेळा आतून मूठ उचलल्यासारखी झाली तर ठीक. बराच वेळ काहीच हललं नाही, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

आजारी बकरी गव्हाणीतलं खात नाही. तिच्यापुढे कुटाराचा ढीग टाकून ‘खात नाई वं’ म्हणत बसण्यात अर्थ नाही. बकरी मान वर करून ओरबाडणारी जात आहे, तेव्हा फांदी तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. बाभूळ, बोर, हिवर, थोडं सुबाभूळ. पावसात तोडलेली फांदी आधी पडवीत झटकून कोरडी करा, कारण ओला पाला बकरी हुंगते आणि सोडून देते. तांबीनं सगळ्यात आधी काय खाल्लं असेल? कडुनिंब. मी पानं आणली होती पाण्यात उकळायला. टोपली खाली ठेवली आणि पाठ वळवली, तोवर तिनं एक डहाळी ओढून काढली. चघळताना एकच दाढ हलत होती, पण हलत होती.

सरकीची ढेप, तुरीची चुणी, धान्य हे सुरुवातीला बंद. अशक्त झालीय म्हणून ढेप वाढवणं ही आपली माया, पण मंदावलेल्या पोटात ते आंबतं आणि नवंच दुखणं उभं राहतं. शिवाय ढेपेनं उरलेल्या बाजूत दूध उतरतं, तेही तेव्हा नको असतं. रवंथ नीट सुरू झाल्यावर मूठमूठ वाढवत न्या.

अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतूही मरतात. जुन्या बायका धडधाकट बकरीच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी बकरीला भरवत, त्यात शहाणपण आहे. डॉक्टरांनीही मान डोलावली. घास आपल्याच कळपातल्या, ठणठणीत बकरीचा हवा. ते जमत नसेल तर ताजं, आंबट नसलेलं ताक थोडं थोडं.

पाण्याचं आमच्याकडे वेगळंच. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी धडधाकट गुरं पितात, पण आजारी बकरी तोंड फिरवते. नळाला वान धरणाच्या ८४ खेडी योजनेचं पाणी येतं, त्याचा एक हंडा तांबीच्या नावानं बाजूला निघायचा. कोमट करून दिलं की जास्त पीत असे. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे लेकरांना जुलाबात देतो तेच पाणी तिलाही चालतं.

पाजताना मात्र सांभाळा. बाटली तोंडाच्या कोपऱ्यातून, गालाच्या बाजूनं घालायची, तोंड पाठीच्या रेषेपेक्षा फार वर उचलायचं नाही, आणि तिनं घोट गिळल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही. डोकं वर खेचून घटाघटा ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. मग कासेच्या दुखण्यातून वाचलेली बकरी छातीनं मरते. खोकली की थांबा, मान खाली करू द्या. जी बकरी गिळूच शकत नाही तिला तोंडावाटे काहीही देऊ नका. तिला सलाईनच लागतं.

५. पिल्लांना आईपासून तोडा, पण लांब नेऊ नका

सडलेल्या बाजूचं पाणी पिल्लाच्या तोंडात जाता कामा नये. शिवाय भुकेली पिल्लं चांगल्या बाजूला इतकी ढुसण्या मारतात आणि चावतात की तिथेही जखम होते, आणि जखमेतून तोच जंतू शिरतो. आम्ही पिल्लांना जाळीच्या पलीकडे बांधलं. आईला दिसत होती, ऐकू येत होती, पण सडापर्यंत पोहोचत नव्हती. ती ओरडायची, पण खाणं सोडलं नाही.

पिल्लांना गाईचं दूध, अंगाच्या उबेइतकं कोमट, बाटलीनं, थोडं थोडं आणि वारंवार. ही पिल्लं चीक पिऊन झालेली होती, ते नशीब. चीक न मिळालेलं पिल्लू असेल तर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या बकरीचा चीक पहिल्याच काही तासांत मिळवा. चिकाची भर दुधानं निघत नाही.

६. ओढू नका

थोड्या दिवसांनी काळ्या आणि गुलाबी कातडीच्या मधोमध एक रेघ उमटते. स्पष्ट, जणू कुणी आखलेली. ती दिसली की हायसं वाटू द्या. अंगानं मेलेला भाग वेगळा काढायला घेतला, असा तिचा अर्थ. मग रेघेवर भेग पडते, भेगेतून पाणी आणि पू येतो, आणि काळा भाग लोंबायला लागतो. वास असा की घरातलं माणूस कोठ्याकडे फिरकत नाही. पाहुणे नाकाला पदर लावून ओट्यावरूनच परत जातात.

याच वेळी हात शिवशिवतात. लोंबतंय तर ओढून टाकावं असं वाटतं. एक आतेसासू कात्री घेऊनच आल्या होत्या. पण वरून मेलेला दिसणारा भाग आत एखाद्या जिवंत रक्तवाहिनीला धरून असतो. ओढला तर भळाभळा रक्त, आणि आधीच फिकट पडलेल्या बकरीला ते परवडत नाही. कापायचं तर डॉक्टर कापतील.

आपलं काम धुणं. दिवसातून दोनदा कोमट पाणी, त्यात फिकट गुलाबी होईल इतकंच पोटॅशियम परमँगनेट, किंवा पातळ केलेलं पोविडोन आयोडीन. गडद केलं की जास्त गुण येतो हा गैरसमज; गडद पाण्यानं नवं, कोवळं मांस जळतं. धुतल्यावर स्वच्छ सुती फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. हातात मोजे, नसतील तर प्लास्टिकची पिशवी बांधा, कारण हा जंतू आपल्या हाताच्या जखमेतही घर करतो. तांबीची धुणी सगळ्या बकऱ्यांचं आटोपल्यावर शेवटी व्हायची, आणि तिचं फडकं कुणालाच वापरायचं नाही असा दंडक होता.

माशी हा या काळातला खरा शत्रू. भादव्यात जखम एक दुपार उघडी राहिली तर माशी अंडी घालून जाते आणि बघता बघता अळ्या पडतात. कडेला माशा पळवणारं मलम किंवा फवारा डॉक्टरांना विचारून लावा. आम्ही जुन्या लुगड्याची सैल झोळी शिवून ती पाठीवरून बांधत होतो. लोंबणाऱ्या भागाला आधार, माशांना आडकाठी, आणि रोज उकळून वाळवता येते. अळ्या पडल्याच तर सगळ्या निघाल्याशिवाय जखम बंद होऊ देऊ नका. आणि धनुर्वाताची सुई आठवणीनं मागून घ्या; बकऱ्यांना उघड्या जखमेतून धनुर्वात होतो, आणि झाला की वाचणं कठीण.

बसायची जागा कोरडी हवी, हे लिहायला सोपं. काळ्या मातीच्या कोठ्यात पावसाळ्यात ते जमवणं हीच परीक्षा. आम्ही एका कोपऱ्यात मुरूम टाकला, त्यावर पऱ्हाट्यांचा थर, त्यावर पोती. पोती रोज बदलायची, उन्हं पडली की धुऱ्यावर वाळवायची. जास्त वेळ बसून राहणाऱ्या बकरीची कूस बदलत राहा, नाहीतर गुडघे सोलतात.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी झोळी जड लागली. सोडली तर आत तो सगळा तुकडा होता, काळा, वाळका, सडाच्या कापलेल्या खुंटासकट. अंगावर जिथे डावी कास होती तिथे लालबुंद, दाणेदार, ओलं मांस. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते भयंकर वाटेल, पण तसलं लाल मांस म्हणजे जखम भरायला लागल्याची खूण. तुकडा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड. दिवाळीपर्यंत जखम आक्रसून कातडी जुळली होती.

७. कोरफड-हळद-चुना: कधी हो, कधी नाही

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं दगडीसाठी एक घरगुती लेप गावोगाव पोहोचवला आहे: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना, वाटून पातळ करून कासेवर दिवसातून पुष्कळदा लावायचा. माप गाई-म्हशींच्या कासेचं आहे. साध्या, सुरुवातीच्या दगडीत मी तो आमच्या दुसऱ्या बकऱ्यांना लावला आहे आणि सूज ओसरलेली पाहिली आहे. त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही.

पण निळ्या, गार कासेवर तो लावून वाट पाहत बसणं म्हणजे बकरी घालवणं. आणि कातडी फाटलेली असेल तर चुना झोंबतो. कोरफड दारात असू द्या, फोन त्याआधी करा.

८. उरलेल्या अर्ध्यावर डोळा ठेवा

गाईला चार सड, बकरीला दोन. एक गेला म्हणजे निम्मं गेलं, आणि उरलेल्या निम्म्यात तोच जंतू जायला वेळ लागत नाही. उजवी बाजू रोज हातानं, हलकेच, पूर्ण रिकामी करायची. आधी हात साबणानं, मग सड धुऊन कोरडा, मग धार. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर काढायच्या, म्हणजे बारीक गुठळीही दिसते. धार झाल्यावर सड आयोडीनच्या पाण्यात बुडवायचा आणि लगेच पाला समोर टाकायचा, म्हणजे ती थोडा वेळ उभी राहते. धारेनंतर सडाचं तोंड काही काळ उघडंच असतं. त्या वेळात ती चिखलात बसता कामा नये.

घरच्या घरी तपासणी हवी तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. एका वाटीत हे पाणी आणि दूध सारखं घेऊन हलवा. शेंबडासारखं घट्ट झालं तर आत बिघाड आहे. बकरीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, म्हणून किंचित दाटपणानं घाबरू नका. दोन सडांची बकरी असेल तर दोन्हींचं दूध वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन तुलना करा.

सुया चालू असताना आणि संपल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध कुणालाच नाही. चहातही नाही. ‘उकळलं की सगळं मरतं’ हे जंतूंबद्दल ठीक आहे. औषधाचा अंश उकळून जातोच असं नाही.

९. पुन्हा गाभण राहू द्यायची का?

याचं सरसकट उत्तर नाही. बकरी पूर्ण अंग धरल्याशिवाय नाही, एवढं नक्की. तांबीला आम्ही त्या वेतानंतर लवकर आटवली आणि पुढच्या हंगामापर्यंत बोकडाजवळ जाऊ दिली नाही. ती व्याली तेव्हा उजवी बाजू आधीपेक्षा जास्त भरली. राहिलेला अर्धा भाग थोडी भर काढतो, पूर्ण नाही. एकच पिल्लू झालं, पाठ, आणि तिला ते दूध पुरलं.

पण मी पाहिलेल्या सगळ्याच बकऱ्या अशा निघाल्या नाहीत. काही पहिल्याच रात्री गेल्या. एकीची दुसरी बाजूही टणक झाली, तेव्हा तिला कळपातून काढणंच बरोबर होतं. जंतू घेऊन फिरणारी बकरी चार जणींना आजारी पाडते. बकरीवर जीव असणं वेगळं आणि कोठा राखणं वेगळं.

१०. बाजारात हात खाली घाला

बाजारात बकरी घेताना लोक दात पाहतात, पाठीवर हात फिरवतात, वजन अंदाजतात. कासेकडे वरवर पाहतात, कारण गर्दीत वाकायला संकोच वाटतो. विकणाऱ्यालाही ते माहीत असतं. वाका. दोन्ही बाजू हातात धरून पाहा: आकार सारखा आहे का, आत गाठ लागते का, एक बाजू थंड किंवा सुकलेली आहे का. दुभती असेल तर दोन्ही सडांतून धार काढून तळहातावर घ्या. काढू देत नसेल तर दुसरी बकरी पाहा. आणि तुम्हीच एका सडाची बकरी विकायला नेली असेल, तर घेणाऱ्याला ते आधी सांगा. पिल्लांसाठी घेणारा तरीही घेतो, फक्त भाव थोडा कमी देतो.